आठ बेटांनी मिळून कुपा माशाचा भाव ठरवला त्याची गोष्ट

दर्याकाठ

पॅसिफिक महासागरातल्या छोट्या देशांची बातमी आपल्याकडे दोनच निमित्तांनी येते. समुद्र वाढतोय म्हणून, नाहीतर चीनने तिथे काही केलं म्हणून. हे देश एकमेकांशी कसे वागतात, कशावरून भांडतात, पुन्हा कसे एकत्र बसतात, याबद्दल मराठीत फार थोडं वाचायला मिळतं. बरीच वर्षं जमेल तसं या विषयावर वाचतेय, त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग इथे मांडते. भर घाला, पटलं नाही तर खोडूनही काढा.

किरिबाटीची सगळी जमीन एकत्र केली तर ८११ चौरस किलोमीटर भरते, म्हणजे मुंबईच्या दुप्पटसुद्धा नाही. पण तिच्या हक्काचा समुद्र आहे सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, आपल्या अख्ख्या देशाच्या भूभागापेक्षा मोठा. नौरू २१ चौरस किलोमीटरचा, तुवालू २६. शेती नावापुरती, कारखाने नाहीत, बाजारपेठा हजारो किलोमीटर दूर. विकण्यासारखं जे आहे ते पाण्यात, आणि तेही एका जागी थांबत नाही.

हा मासा म्हणजे कुपा, डबाबंद टूनासाठी जगभर पकडला जाणारा. उबदार पाण्यामागे तो हजारो किलोमीटर फिरतो. एल निनोच्या वर्षी पूर्वेला सरकतो, किरिबाटी-तुवालूकडे. ला निना असली की पश्चिमेला, पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन द्वीपांच्या बाजूला. १९७०च्या दशकाअखेरीस या देशांनी २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर हक्क सांगितला, तरी जपान, कोरिया, तैवान, अमेरिका यांची मोठी जहाजं प्रत्येकाशी वेगळी बोलणी करायची. एकाने दर वाढवला की ‘शेजारी कमी घेतोय’ म्हणून सांगायची. हाती यायचे पकडीच्या किमतीचे जेमतेम पाच-सहा टक्के.

११ फेब्रुवारी १९८२ रोजी सात देश नौरूमध्ये बसले: मायक्रोनेशिया संघराज्य, किरिबाटी, मार्शल द्वीपं, नौरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन द्वीपं. तुवालू पुढे १९९१ मध्ये आला. या ‘नौरू करारा’त ठरलं एवढंच की परदेशी जहाजांना परवाना देताना आपल्या अटी एक असतील. फळ मिळायला मात्र पंचवीस वर्षं जावी लागली.

२००७ पासून त्यांनी ‘जहाज-दिवस’ विकायला सुरुवात केली. किती टन मासा नेला, हे समुद्रावर मोजणं अवघड, आणि जहाजवाला सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो. जहाज एखाद्या देशाच्या पाण्यात किती दिवस होतं, हे उपग्रहावरून दिसतं. म्हणून आठही देश मिळून वर्षाचे एकूण दिवस ठरवतात (साधारण ४५ हजार), ते आपसात वाटून घेतात, आणि ठरलेल्या किमान भावाखाली कुणी विकायचं नाही. २०१२ मध्ये हा भाव दिवसाला ५,००० डॉलर होता, २०१५ पासून ८,०००. या गटाचं परवान्यांचं उत्पन्न २०१० मध्ये ६ कोटी डॉलरच्या आसपास होतं, दशक संपताना ते ५० कोटींच्या घरात गेलं.

मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो दिवसांच्या देवघेवीचा. मासा पूर्वेला गेला तर पश्चिमेकडच्या देशाला आपले दिवस पूर्वेकडच्या शेजाऱ्याला विकता येतात. म्हणजे हवामान फिरलं तरी एकाचं अगदी सगळं बुडत नाही. शिवाय २००८ मध्ये त्यांनी आणखी एक अट घातली. हद्दींच्या मधोमध खुल्या समुद्राचे जे तुकडे उरतात, तिथे कायद्याने यांचा हक्क नाही. पण ‘तिथे जाळं टाकलंत तर आमच्याकडचा परवाना मिळणार नाही’ एवढं त्यांनी सांगितलं आणि ते चाललं.

आता दुसरी बाजू. हे आठही देश पॅसिफिक आयलंड्स फोरमचे सदस्य आहेत. १९७१ मध्ये वेलिंग्टनला सुरू झालेली ही संघटना, आज १८ सदस्य, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड धरून. सरचिटणीसपद मेलानेशिया, पॉलिनेशिया, मायक्रोनेशिया (इथे संघराज्य नव्हे, पाच देशांचा उपप्रदेश) असं आळीपाळीने फिरायचं, अशी तोंडी समजूत होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाळी मायक्रोनेशियाची. कोविडमुळे बैठक पडद्यावर झाली, मतदान झालं, आणि मार्शल द्वीपांच्या उमेदवाराला आठ तर कुक द्वीपांच्या हेन्री पुना यांना नऊ मतं पडली. पाळी मोडली. काही दिवसांतच पलाऊ, मार्शल, मायक्रोनेशिया संघराज्य, किरिबाटी आणि नौरू या पाचही देशांनी फोरममधून बाहेर पडायचं जाहीर केलं.

तेच देश, तीच माणसं. माशाच्या बाबतीत चाळीस वर्षं टिकले आणि खुर्चीच्या बाबतीत एका रात्रीत तुटले. मला याचं एकच कारण दिसतं. माशाचा हिशोब लिहिलेला होता, रोज सगळ्यांना दिसत होता. खुर्चीची पाळी कुणी कागदावर आणलीच नव्हती.

पुणेरी वाचक

फार छान लेख. एक शंका. आठ विकणाऱ्यांनी मिळून भाव ठरवायचा आणि पुरवठा आवळायचा, हे तेलवाल्या देशांनी केलं तेच ना? त्याला आपण प्रादेशिक सहकार्य म्हणतो कारण विकणारे गरीब आहेत. डबा विकत घेणाऱ्याने या व्यवस्थेकडे कसं पाहावं?

दर्याकाठ

@पुणेरी वाचक, साम्य आहेच, आणि हे देश ते लपवत नाहीत. फरक मर्यादेत आहे. तेल जमिनीखाली पडून राहतं, मासा संपतो. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमधून जगातला निम्म्याहून जास्त टूना येतो, आणि तिथल्या चारही प्रमुख जातींचे साठे शास्त्रज्ञांच्या मोजणीप्रमाणे अजून सुरक्षित आहेत. दुसऱ्या महासागरांत ही स्थिती नाही. दिवसांवर मर्यादा घातली म्हणून भाव चढला, आणि तीच मर्यादा माशालाही वाचवते. डबा घेणाऱ्याचीही त्यात सोयच आहे.

न्यायप्रविष्ट

धागा उत्तम. पण १९८२ आणि २००७ यांच्या मधली पंचवीस वर्षं तुम्ही एका वाक्यात उरकलीत. खरं नाट्य तिथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या काळी अमेरिकेचा कायदा म्हणायचा की टूना सतत फिरतो, म्हणून किनाऱ्यावरच्या देशाचा त्याच्यावर हक्क नाही. १९८४ मध्ये सॉलोमन द्वीपांनी ‘जॅनेट डायना’ नावाचं अमेरिकी जहाज विनापरवाना मासेमारीबद्दल पकडलं आणि न्यायालयाने ते जप्त केलं. अमेरिकेने उत्तर म्हणून सॉलोमनच्या टूनाच्या आयातीवर बंदी घातली. सहाच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेला देश, आणि समोर अमेरिका.

मग किरिबाटी पुढे आला. तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष येरेमिया ताबाई, पद घेतलं तेव्हा तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. त्यांनी १९८५ मध्ये सोव्हिएत संघाच्या मासेमारी जहाजांना वर्षभराचा परवाना दिला. शीतयुद्धाचा काळ. मागाहून वनुआतूनेही सोव्हिएत संघाशी तसाच करार केला. वर्षानुवर्षं टोलवत ठेवलेली बोलणी अमेरिकेने झटपट संपवली आणि १९८७ मध्ये पोर्ट मोर्सबीला सगळ्या बेटांशी मिळून एकच टूना करार केला. एकेकट्याशी नव्हे, सगळ्यांशी मिळून. पुढे अमेरिकेने आपला कायदाही बदलला.

बड्या देशांच्या स्पर्धेचा उपयोग करून घेणं ही या बेटांची जुनी विद्या आहे. आज त्यांना ‘प्यादी’ म्हणणाऱ्यांनी १९८५ आठवावं. आणि ज्या खुर्चीवरून २०२१ मध्ये फोरम फुटत होतं, तिच्यावर तोवर बसलेले मायक्रोनेशियाचे एकमेव गृहस्थ हेच ताबाई, १९९२ ते १९९८. त्या पाच देशांना राग का आला, हे यावरून कळेल.

नकाशेवेडी

ताबाईंची माहिती अजिबात नव्हती. दोन्ही प्रतिसाद जपून ठेवतेय.

ऑकलंडवासी

दर्याकाठ, तुमचा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. हिशोब कागदावर असावा, मान्य. पण फोरम पुन्हा जोडलं गेलं ते केवळ कागदाने नाही.

जून २०२२ मध्ये फिजीच्या राजधानीत सुवा करार झाला. पद तीन उपप्रदेशांत फिरेल असं लेखी ठरलं, पुढची पाळी मायक्रोनेशियाला, शिवाय तिकडे एक कार्यालय आणि महासागर आयुक्ताचं पद. कागद चोख होता. तरी पुढच्याच महिन्यात, सुवाच्या शिखर बैठकीच्या तोंडावर, किरिबाटीने आपण बाहेर पडलो असं कळवलं. त्यांचं म्हणणं, आमचं दुखणं नीट ऐकूनच घेतलं गेलं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये फिजीत सत्ता बदलली, सितिवेनी राबुका पंतप्रधान झाले. जानेवारीत त्यांनी पहिला परदेश दौरा केला तो कॅनबेरा किंवा वेलिंग्टनचा नाही, किरिबाटीच्या राजधानीचा, तारावाचा. फोरमचे अध्यक्ष म्हणून तिथे जाऊन त्यांनी फिजीच्या रीतीप्रमाणे माफीचा विधी केला. राष्ट्राध्यक्ष तानेती मामाऊ यांनी ती स्वीकारली आणि किरिबाटी परत आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये नाडीला सगळे नेते भेटले, नौरूचे बॅरन वाका पुढचे सरचिटणीस म्हणून पक्के झाले, २०२४ मध्ये त्यांनी पदभार घेतला.

इथे ऑकलंडमध्ये सामोआ, टोंगा, फिजीची माणसं रोजच्या उठण्याबसण्यात आहेत. एखाद्या घरी मयत झाली किंवा जमातीत तंटा झाला तर कोण कोणाच्या दारात जातो, किती वेळ खाली बसून राहतो, याला केवढा अर्थ असतो ते इथे पाहायला मिळतं. पडद्यावर बैठक घेतली तिथेच २०२१ साली पहिला घाव बसला, असं माझं ठाम मत आहे. समोरासमोर बसले असते तर ते मतदानापर्यंत गेलेच नसते. ही मंडळी मतं मोजत नाहीत, बोलत बसतात, एकमत होईपर्यंत.

दर्याकाठ

@ऑकलंडवासी, तारावाच्या भेटीचं महत्त्व मला मान्य आहे. पण राबुका गेले तेव्हा त्यांच्या हातात द्यायला काहीतरी होतं, लेखी पाळी होती. नुसती माफी घेऊन गेले असते तर किरिबाटी परतला असता असं मला वाटत नाही. आणि एकमताची रीत मोठ्यांच्या सोयीची असते, कारण एकमत होईपर्यंत सरचिटणीस त्यांच्याच पसंतीचा राहतो. १९७१ ते २०२१ या पन्नास वर्षांत मायक्रोनेशियाला एकदाच खुर्ची मिळाली.

जुना खलाशी

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं. किरिबाटीची पोरं जहाजावर सोबत असायची. तारावाला खलाशांची शाळा आहे, १९६७ पासूनची, आणि तिथली मुलं वर्षानुवर्षं जर्मन कंपन्यांच्या जहाजांवर जायची. कामाला वाघ, आणि संध्याकाळी डेकवर गाणी. त्यांच्याकडूनच बानाबाची गोष्ट ऐकली. वरच्या चर्चेत ती यायला हवी, कारण ही बेटं वेगवेगळे देश झाली ती साहेबांनी आखलेल्या रेषांमुळे. नातीगोती त्या रेषा पाळत नाहीत.

बानाबा हे फॉस्फेटचं बेट, आता किरिबाटीत. इंग्रजांनी ते खणून खणून पोखरलं, आणि डिसेंबर १९४५ मध्ये तिथली माणसं दोन हजार किलोमीटरवर फिजीच्या राबी बेटावर नेऊन वसवली. आज ती माणसं फिजीची नागरिक आहेत, पण किरिबाटीच्या संसदेत राबीचा एक प्रतिनिधी बसतो. एका देशाच्या नागरिकांना शेजारच्या देशाच्या संसदेत जागा! तुवालूच्या वाइतुपू बेटावरच्या लोकांनी त्याच सुमारास स्वतःच्या पैशाने फिजीतलं किओआ बेट विकत घेतलं, त्यांची वस्ती अजून तिथे आहे. २०१४ मध्ये किरिबाटी सरकारने फिजीत वानुआ लेवूवर सुमारे वीस चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली, तेव्हा जगाला नवल वाटलं. त्या भागातल्या माणसाला वाटलं नसणार.

तारकर्लीकर

आमचा धंदा मासेमारीचा, म्हणून जहाज-दिवसांचा भाग पुन्हा पुन्हा वाचला. तिकडे जी जहाजं कुपा पकडतात ती पर्ससीनवाली, म्हणजे माशांच्या थव्याभोवती मोठं जाळं टाकून ते खालून आवळणारी, आणि आमच्या किनाऱ्याचं भांडणही पर्ससीनचंच. आमच्याकडे रापणवाला आणि छोट्या होडीचा माणूस किनाऱ्याजवळ, पर्ससीनवर २०१६ पासून शासनाचे निर्बंध. पण परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री आत शिरतात, त्यांना अडवायला गस्ती नौका कमी. बांगडा आणि तारली काय महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक अशा हद्दी बघून पोहतात? राज्यांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै अशी केंद्राची पावसाळी बंदी सगळ्या पश्चिम किनाऱ्याला एकच आहे, तेवढं एक चांगलं. बाकी जाळ्यांचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे.

हे आठ देश मोकळेपणी एकमेकांना दिवस विकतात आणि आपण एकाच देशातली चार राज्यं जाळ्याच्या आसाच्या (भोकाच्या) मापावर एक होत नाही. मला एवढंच विचारायचंय, तिकडे पाळत कोण ठेवतं? आठ हजार डॉलर वाचवायला जहाजवाला खोटं बोलणारच. आणि हे देश तर इवलेसे, त्यांच्याकडे गस्ती नौका किती असणार?

न्यायप्रविष्ट

@तारकर्लीकर, गस्तही एकत्रच आहे. सॉलोमनची राजधानी होनियारा, तिथे फोरमची मत्स्य संस्था आहे, १९७९ पासून. तिच्या केंद्रात सगळ्या परवानाधारक जहाजांच्या खुणा उपग्रहावरून उमटतात आणि सदस्य देशांना त्या दिसतात. परवाना मिळवायचा तर जहाजावर ते यंत्र सतत चालू हवं. यंत्र बंद पडलं तर कळवण्याची जबाबदारी जहाजाची. ऑस्ट्रेलियाने गस्ती नौका दिल्या आहेत, विमानं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फ्रान्स आणि अमेरिकेची उडतात.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, २०१० पासून, कोविडचा काळ सोडला तर, प्रत्येक पर्ससीन जहाजावर एक निरीक्षक असतो. बहुतेक याच बेटांवरची तरुण मुलं. महिनोन्महिने परक्या खलाशांमध्ये एकटं राहून त्यांच्याच चुका लिहून काढायच्या. यातले काही निरीक्षक समुद्रावरून परतलेच नाहीत. त्यांच्या मृत्यूंचा तपास नीट झालेला नाही, हा या सगळ्या व्यवस्थेवरचा फार मोठा डाग आहे. यशाचे आकडे सांगताना ही किंमतही सांगितली गेली पाहिजे.

पुणेरी वाचक

निरीक्षकांचं वाचून सुन्न झालो.

चीनबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून विचारतो. २०१९ मध्ये सॉलोमन आणि किरिबाटी दोघांनी तैवान सोडून बीजिंगशी संबंध जोडले, जानेवारी २०२४ मध्ये नौरूनेही. पलाऊ, मार्शल, तुवालू अजून तैवानसोबत. या आठांपैकीच सहा! मग एकी कुठे राहिली?

दर्याकाठ

@पुणेरी वाचक, एकी सगळ्या बाबतींत असावी असा त्यांचा दावाच नाही. तैवानचा प्रश्न त्यांना टोचतो, २०२४ मध्ये टोंगाच्या बैठकीनंतर निवेदनातला तैवानचा उल्लेख वगळला गेला तेव्हा बराच गदारोळ झाला. २०२५ मध्ये होनियाराला यजमान सॉलोमनने बाहेरच्या भागीदार देशांना बोलावलंच नाही. काहींना ते चीनच्या दबावाने वाटलं. मला त्या निर्णयात एक चांगली गोष्टही दिसली, नेत्यांना आपसात बोलायला वेळ मिळाला, आणि त्याच बैठकीत ‘शांततेचा महासागर’ ही राबुकांची घोषणा मंजूर झाली. पण या सगळ्या वर्षांत नौरू कराराच्या बैठका थांबल्या नाहीत. तैवानला मानणारा पलाऊ आणि बीजिंगला मानणारा किरिबाटी एकत्र बसून दिवस वाटतात, आणि तैवानची आणि चीनची जहाजं दोघेही तोच किमान भाव मोजतात.

मतभेदाचं याहून खोल ठिकाण म्हणजे समुद्रतळाचं खाणकाम. नौरू, टोंगा आणि कुक द्वीपांना त्यातून पैसा हवा आहे. पलाऊ, फिजी, सामोआ, वनुआतू, मायक्रोनेशिया संघराज्य ते थांबवा म्हणतात. २०२१ मध्ये नौरूने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाला दोन वर्षांत नियम करा म्हणून कायदेशीर धक्का दिला. नौरूला दोष देणं मला जड जातं. फॉस्फेटसाठी परक्यांनी ज्यांचं बेट पोखरलं त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय? पण खाणीतला गाळ प्रवाहाबरोबर वाहतो, हद्द ओळखत नाही, आणि कुपाही त्याच पाण्यात फिरतो. इथे एकाचा फायदा दुसऱ्याच्या उत्पन्नावर येऊ शकतो, आणि त्याचा हिशोब मांडणारा करार अजून झालेला नाही. पुढच्या दहा वर्षांत यांची खरी कसोटी इथे लागेल असं मला वाटतं.

नकाशेवेडी

एक शेवटची शंका, कदाचित अगदी प्राथमिक असेल. समुद्रावरचा हक्क किनाऱ्यापासून मोजतात. मग तुवालूचं एखादं बेट पाण्याखाली गेलं तर त्याच्या भोवतालचा समुद्र, आणि त्यातले जहाज-दिवस, कुणाचे?

न्यायप्रविष्ट

@नकाशेवेडी, प्राथमिक कसली, यावर गेली कित्येक वर्षं खल चालू होता. समुद्री कायदा लिहिला गेला १९८२ मध्ये, तेव्हा किनारा मागे हटेल हे कुणी धरलंच नव्हतं.

६ ऑगस्ट २०२१ रोजी फोरमने जाहीर केलं की आमच्या सागरी सीमा आम्ही एकदा आखून संयुक्त राष्ट्रांना कळवल्या की समुद्र चढला तरी त्या बदलणार नाहीत. लक्षात घ्या, तेव्हा मायक्रोनेशियाचे पाच देश बाहेर पडण्याच्या वाटेवर होते, तरी घोषणा सगळ्यांच्या नावाने निघाली.

दुसरीकडे वनुआतूमध्ये २०१९ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एक मोहीम सुरू केली होती, हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्या म्हणून. ज्या साउथ पॅसिफिक विद्यापीठात ते शिकत होते तेही १२ बेट-देशांच्या सामाईक मालकीचं. वनुआतू सरकारने ती मागणी उचलली, शेजाऱ्यांना जोडून घेतलं, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव एकमताने झाला, आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने सल्लागार मत दिलं. त्यात हाही मुद्दा आहे: समुद्र चढला म्हणून एकदा रीतसर जाहीर केलेल्या रेषा बदलून घ्यायचं बंधन देशांवर नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दिवस तुवालूचेच.